तुझ्या भाच्याचा खेळ पाहून आलो

किचनर, ओंटारिओ
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय बंड्या,

दिवाळीच्या तुला, वहिनींना आणि मुलांना मनापासून शुभेच्छा. काकूंना माझा नमस्कार सांग.

ताईच्या पोराबद्दल तू विचारलं होतंस, ‘पुढे जाईल का, एकदा नजरेखालून घालून सांग.’ काल ब्रॅम्प्टनला जाऊन त्याचा सामना पाहिला. फोनवर दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तू तेच दाजींच्या कानावर घातलं असतंस आणि दाजींनी तेवढ्यावर काहीतरी ठरवून टाकलं असतं. म्हणून सविस्तर लिहितोय. ताईला आणि दाजींना हे वाचायला दे. पोराला इतक्यात नको.

आधी ड्राफ्टचं बोलतो, कारण ताईच्या मनाला तेच लागलंय. ओंटारिओ हॉकी लीग म्हणजे इथली सोळा ते वीस वर्षांच्या पोरांची, बर्फावरच्या हॉकीची ज्युनियर लीग. तिच्यात २० संघ आहेत आणि दरवर्षी ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांमधून फेरीफेरीने खेळाडू निवडतात, तोच ड्राफ्ट. यंदा २००९ साली जन्मलेल्यांची पाळी होती. आपल्या पोराच्या संघातल्या काही जणांची नावं आली, त्याचं आलं नाही. त्या रात्री तो जेवायलाही खोलीबाहेर आला नाही म्हणे. वाईट वाटणारच रे. पण त्याचा जन्म नोव्हेंबरचा आहे, याचा विचार घरात कोणी केलाय का?

इथे मुलांच्या हॉकीत वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबरात जन्मलेला एकाच गटात. रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात ज्युनियर संघांच्या याद्या तपासल्या, तेव्हा जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं भरमसाट आणि वर्षअखेरची अगदी मोजकी निघाली. आठव्या-नवव्या वर्षी दहा महिन्यांनी मोठं असलेलं पोरगं अंगाने थोराड असतं, म्हणून त्याची वरच्या संघात निवड होते. तिथे कोच चांगला, बर्फावर वेळ जास्त, आणि मग ते खरोखरच पुढे निघून जातं. तू जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालच्या क्रिकेट निवडीत बसतोस, तुला हे नवीन नाही. पण तुमच्याकडे निदान मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. इथे तसलं काही नाही. काल समोरच्या संघातल्या एकाला चक्क दाढी होती, आणि आपल्या पोराचा आवाजही अजून पुरता फुटलेला नाही.

संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट लोकांनाही हे माहीत असतं, तरी ते फसतात. २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एनएचएल, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टची कितीतरी वर्षं तपासून त्यात दाखवलं होतं, की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांना त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने फार वर निवडलं जातं, आणि वर्षअखेर जन्मलेले मागून येऊन जास्त चांगले निघतात.

आता दाजींना हे नीट समजावून सांग. एनएचएलच्या ड्राफ्टला १ जानेवारी नाही, १५ सप्टेंबर ही तारीख धरतात. त्या दिवशी अठरा पूर्ण लागतात. म्हणजे त्याच्या वर्गातल्या जानेवारीच्या पोराची पाळी २०२७ला, पण आपल्या पोराची २०२८ला. इतकी वर्षं जो गटात सगळ्यात लहान होता, तो तिथे मोठ्यांमध्ये गणला जाणार. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी हुकला, वर्षभर झुरिकला मोठ्या माणसांत खेळला आणि २०१६ला टोरांटोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. आमच्या इथल्या ज्युनियर संघाचा, किचनर रेंजर्सचा, गॅब्रिएल लांडेस्कोग नोव्हेंबर १९९२चा, तो २०११ला दुसरा गेला. त्याला इथल्या ऑडिटोरियमच्या रिंकवर खेळताना पाहिलंय मी. अठरा वर्षांचा, आणि बेंचवरचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. हे वाढीचं एक वर्ष पोराला फुकट मिळालंय, ते घाईत घालवू नका.

दुसरी गोष्ट दाजींच्या तक्त्याची. गोल, असिस्ट (गोलआधी दिलेले पास), दर सामन्याला किती, सगळं त्यांनी मोठ्या निगुतीने मांडलंय, आणि त्यामागची माया मला कळते. पण या वयाच्या आकड्यांवर भल्याभल्यांनी हात पोळून घेतलेत. अलेक्झांद्र डेगने १९९२-९३च्या हंगामात क्युबेकच्या ज्युनियर लीगमध्ये ५३ सामन्यांत १३७ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले. ऑटवाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या मागोमाग दुसरा गेला तो ख्रिस प्राँगर, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. डेग सहाशेवर सामने खेळला, पण ज्युनियरमध्ये दिसलेला तो खेळाडू एनएचएलमध्ये कधीच दिसला नाही. वेग होता, हात होते, सगळं होतं.

ज्युनियरमधले गुण कसे जमतात ते बघायला हवं. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, किती आले, बाजूला कोण खेळत होतं, वय किती होतं. वीस वर्षांचा गडी सतरा वर्षांच्या पोरांत खेळून शंभर गुण करतो, तर ती निम्मी वयाची कमाई. नुसत्या अंगाच्या जोरावर डिफेन्समनला बाजूला सारून गोलपर्यंत जाणारं पोरगं पंधराव्या वर्षी राजा असतं. वर गेल्यावर समोरचे सगळेच तेवढे थोराड असतात, आणि ते हत्यार बोथट होतं. लांबून मारलेला शॉटही तसाच, कारण तिथले गोलरक्षक ते सोडत नाहीत.

ऑडिटोरियममध्ये कधीकधी माझ्या शेजारी एक वयस्क स्काउट येऊन बसतात. गोलच्या मागच्या कोपऱ्यातली जागा धरतात, मधली कधीच नाही. पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) एका बाजूला असला की त्यांची नजर दुसऱ्या बाजूला असते. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, असते चाळीस-पन्नास सेकंदांची. त्यात कुठल्याही एका पोराकडे पक असतो फार तर दोन-चार सेकंद. उरलेल्या वेळात तो काय करतो, हे ते बघतात. त्यांच्यामुळे मलाही ती सवय लागली, आणि काल मी आपल्या पोराला तसंच पाहिलं.

दुसऱ्या पिरियडमध्ये आपल्याच गोलच्या डाव्या कोपऱ्यात पक कडेच्या बोर्डला घासत येत होता. पोरगा पाठमोरा, आणि मागून त्याच्याहून वीतभर उंच फॉरवर्ड जोरात चालून येत होता. पक हातात यायच्या आधी त्याने दोनदा मान वळवून मागे पाहिलं, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. मग पक थांबवलाच नाही. स्टिकच्या उलट्या बाजूने हलकेच मध्यभागी मोकळ्या उभ्या असलेल्या सेंटरकडे सारला. पुढच्या क्षणी धडक बसली, पोरगा बोर्डवर आदळला, पण पक केव्हाच निसटला होता आणि दहा सेकंदांत समोरच्या गोलवर शॉट झाला. शॉट अडवला गेला. दाजींच्या तक्त्यात त्या शिफ्टसमोर शून्य असणार. संध्याकाळभरात मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, आणि एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं, पण तो जवळपास दरवेळी मागे बघतो.

याला मी इतकं महत्त्व का देतो? एनएचएलची रिंक याच मापाची, २०० फूट बाय ८५. जागा तेवढीच, फक्त माणसं मोठी आणि वेगवान होतात, त्यामुळे विचाराला वेळ उरत नाही. जे पोरगं पक आल्यावर इकडेतिकडे बघतं, त्याचं तिथे काही खरं नाही. ज्याला पक येण्याआधी चित्र दिसतं, त्याचं वरच्या पातळीवर फारसं नुकसान होत नाही. मार्क स्टोनला २०१० साली १७८व्या क्रमांकापर्यंत कोणी हात लावला नाही, कारण त्याचं स्केटिंग जड. पण समोरच्याचा पास कुठे जाणार हे त्याला आधी कळायचं. २०२३ला तो व्हेगासचा कप्तान म्हणून एनएचएलचा स्टॅन्ले कप उचलत होता, आणि शेवटच्या सामन्यात त्याचे तीन गोल होते.

आता उणं काय ते. पोराची पहिली तीन पावलं मंद आहेत. गुडघे पुरेसे वाकत नाहीत, कमरेतून सरळ उभा राहतो आणि पाय बाजूला न ढकलता मागे फेकतो. एकदा वेग धरला की ठीक, पण उभ्या जागेवरून सुटताना दरवेळी अर्धं पाऊल मागे पडतो. स्काउटने वहीत हेच लिहिलं असणार आणि ते बरोबरच आहे. ही उणीव भरून निघते. ब्रेडन पॉइंट लहान चणीचा, स्केटिंगबद्दल शंका, म्हणून २०१४ला ७९व्या क्रमांकावर टॅम्पाच्या पदरात पडला. १९८४ची फिगर स्केटिंगची जगज्जेती बार्बरा अंडरहिल तिथे स्केटिंग शिकवत होती, तिने त्याच्यावर मेहनत घेतली. पुढे पॉइंटने दोन स्टॅन्ले कप जिंकले आणि २०२२-२३ला ५१ गोल केले. पाय सुधारता येतात. खेळ वाचायची नजर सोळाव्या वर्षानंतर शिकवून आलेली मी फारशी पाहिली नाही.

दुसरी गोष्ट मात्र मला खुपली, आणि ती लपवणार नाही. तिसऱ्या पिरियडमध्ये संघ तीन गोलांनी मागे पडला, तेव्हा तो दोनदा परत धावला नाही. पक गेला, आणि हा रमतगमत बेंचकडे निघाला. दमला असेल, चिडला असेल, त्या ड्राफ्टचं मनातून गेलं नसेल. पण वरच्या संघांचे लोक नेमकं हेच बघायला येतात, आणि एका शिफ्टवरून पोरावर फुली मारतात. एका संध्याकाळवरून मी तसं करणार नाही. पुन्हा पाहीन.

निवड न होण्याचं दुःख किती काळ धरायचं, यासाठी ताईला अर्शदीप बैन्सबद्दल सांग. ब्रिटिश कोलंबियातल्या सरे गावचा पंजाबी पोरगा. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतलं नाही. रेड डियरला ज्युनियर खेळत राहिला, आणि २०२१-२२ला, तिथल्या आपल्या शेवटच्या हंगामात, ११२ गुणांसह अख्ख्या वेस्टर्न लीगमध्ये पहिला आला. त्याच हंगामात व्हँकुव्हरने करार केला, फेब्रुवारी २०२४ला एनएचएलचा पहिला सामना मिळाला, आणि या जूनमध्ये व्हँकुव्हरच्या खालच्या, ॲबट्सफर्डच्या संघातून त्याने एनएचएलच्या खालोखालच्या लीगचा काल्डर कप जिंकला. तेव्हा त्या संघाचा कोच होता मॅनी मल्होत्रा. अजून बैन्सची एनएचएलमधली जागा पक्की नाही, हेही खरं. पण वीस वर्षांचा होईपर्यंत तो कोणाच्या यादीत नव्हता.

आणि सॅम बेनेट! २०१४च्या ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत त्याला एकही पुल-अप काढता आला नाही, सगळीकडे चर्चा झाली. कॅलगरीने तरी चौथ्या क्रमांकावर घेतला, तिथे तो काही फुलला नाही, २०२१ला फ्लोरिडाला गेला, आणि यंदा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अकरा वर्षं लागली. त्यातल्या कुठल्याही वर्षी मला विचारलं असतंस तर वेगळं उत्तर आलं असतं.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असं काकू म्हणतील. या खेळात अठराव्या वर्षीसुद्धा दिसत नाहीत. दरवर्षी ३२ संघ मिळून २२४ पोरं निवडतात. जगभरातल्या लाखोंमधून गाळून आलेली ही पोरं, तरी त्यातल्या जवळपास निम्म्यांना एनएचएलचा एक सामनाही मिळत नाही. एका संघात २३ जण, म्हणजे सगळ्या जागा मिळून ७३६, आणि त्यातले बहुतेक पुढच्या वर्षीही तिथेच असतात.

तर माझं मत असं. एनएचएलची शक्यता फार कमी, आणि त्या हिशेबाने घरचे पैसे आणि झोप खर्च करू नये. पण ज्युनियरमध्ये त्याला जागा मिळेल असं मला मनापासून वाटतं, अगदी पुढच्या हंगामात नाही तरी त्याच्या पुढच्या. ड्राफ्टमध्ये न आलेल्यांनाही संघ शिबिराला बोलावतात. शिवाय आता एक मोठा बदल झालाय. पूर्वी ओंटारिओ लीगमध्ये खेळलेल्याला अमेरिकेतल्या एनसीएएच्या कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. नोव्हेंबर २०२४ला तो नियम बदलला आणि या ऑगस्टपासून दोन्ही रस्ते उघडे आहेत. उशिरा वाढणाऱ्या पोराला यासारखं दुसरं वरदान नाही. बावीस-तेविसाव्या वर्षापर्यंत खेळत खेळत शिकता येईल.

दाजींच्या मनात त्याला दुसऱ्या क्लबमध्ये न्यायचं चाललंय, तिथे पहिल्या पॉवर प्लेवर घेतील म्हणून. नको म्हणावं. आकडे वाढतील, पण आत्ताचा कोच त्याला सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला, एक गोलची आघाडी राखायला, बर्फावर पाठवतो. सोळाही पुरे नसलेल्या पोरावर एवढा विश्वास टाकणारा माणूस सहज मिळत नाही. उन्हाळ्यातल्या त्या महागड्या प्रदर्शनी स्पर्धांचे पैसे वाचवा आणि ते स्केटिंग शिकवणाऱ्या चांगल्या बाईंवर किंवा बुवांवर घाला, आठवड्यातून एक तास. तीन पावलं, बाकी काही नाही.

अजून एक, हे तूच दाजींना सांग, माझ्याकडून बरं दिसणार नाही. काल सामना संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीचं दार लागायच्या आत ‘तो शॉट का नाही मारलास’ सुरू झालं होतं. पोरगा खिडकीबाहेर बघत होता. घरी जाईपर्यंत हॉकी सोडून काहीही बोला. पहाटे साडेपाचच्या सरावाला तो स्वतः उठतो, हाक मारावी लागत नाही, असं ताईने सांगितलं. माझ्या लेखी ते त्या अख्ख्या तक्त्यापेक्षा मोठं आहे, आणि बोलून बोलून ते घालवू नका.

नोव्हेंबरात त्यांचा सामना वॉटर्लूला आहे, माझ्या घरापासून जवळच. तेव्हा पुन्हा बघतो, खासकरून संघ मागे असताना. दाजींना म्हणावं, त्या दिवशी जेवायला सगळे आमच्याकडेच या. आणि ते मागच्या वर्षीच्या सामन्यांचे व्हिडिओ आहेत म्हणाले होते, गोलचे तुकडे नको, दोन-तीन पूर्ण सामने पाठवायला सांग.

तुझाच,
अन्या