किल्ली गोलीकडे दिली आहे

ति. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहूनच कळवते. घराची तिसरी किल्ली मी गोलीकडे, आमच्या हॉकी टीमच्या गोलकीपरकडे, दिली आहे. दिली ती दिली, आता परत मागणार नाही.

"लोकांना कशाला त्रास" हे बाबांचं वाक्य पाठ झालंय मला. पण गोली 'लोक' कधीपासून झाली? जिचे पॅड आपल्या व्हरांड्यात वाळत पडायचे आणि त्या वासाने आजी नाकाला पदर लावून आत जायची, तीच ना ही? आत्याच्या वेळी काय झालं ते आपण तिघंही विसरलेलो नाही. मी पुण्याहून रात्रीची बस धरली तरी म्हापशाला पोचेपर्यंत उजाडतं. ती खोर्लीहून आपल्या धुळेरच्या घरी चहा निवायच्या आत येते. जुलैत लाइट गेले, तुमचा फोन लागेना, तेव्हा भर पावसात कोण आलं होतं? तुम्ही दोघं मेणबत्ती लावून निवांत पत्ते कुटत होतात आणि इकडे माझा जीव टांगणीला लागला होता. बाबांच्या गोळ्यांची यादी आणि फायलीचे फोटोही तिच्याकडे आहेत. रागावायचं तर माझ्यावर रागवा, तिच्यासमोर तोंड पाडू नका.

आम्ही टीममधल्या सगळ्या पुन्हा कशा जमलो ते तुम्हाला धड सांगितलंच नाही. लग्नं, बाळंतपणं, नोकऱ्या यांत पांगलो होतो. मग २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, हॉकी आपल्या पेडेला होती, तेव्हा आमच्या टीमच्या लेफ्ट हाफने सगळ्यांना हाका घातल्या. बसल्या बसल्या पहिल्या क्वार्टरलाच भांडण! आमच्या वेळी दोन हाफ असायचे, आता १५ मिनिटांचे चार क्वार्टर. ऑफसाइडचा नियम तर १९९८ मध्येच गेला, पण राइट आउट अजून शपथेवर सांगते की तिचा तो गोल ऑफसाइड नव्हता. आम्ही लाल मातीत गुडघे सोलून घेतले आणि इथे खेळाआधी टर्फवर पाणी मारतात, हे बघून गोलीचं तोंडच आंबट झालं.

तेव्हापासून मी घरी आले की रविवारी सकाळी खेळतो. आई, लगेच कपाळाला हात लावू नकोस. शिनगार्ड घालते, दमले की बाहेर बसते. हॉकीत कितीही वेळा आत-बाहेर करता येतं. मास्टर्स हॉकीत बायकांना वयाची ३५ वर्षं पूर्ण लागतात, तेवढी एक अट आम्ही सगळ्या आरामात पूर्ण करतो.

बाबा, माझ्या स्टिकच्या मुठीला तुम्ही सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळायचात, वरून काळी टेप. घामाने तळहात काळे व्हायचे आणि ते सगळं पांढऱ्या युनिफॉर्मला लागायचं, मग आई तुमच्यावर ओरडायची. माझी झाली की गोलीची, मग लेफ्ट हाफची. ओळीने बसायचो आम्ही पायरीवर. तेव्हा त्यांच्या घरच्यांनी "लोकांना कशाला त्रास" म्हटलं होतं का?

बरं, आता ऐका. चवथीला गणपतीच्या वर फळं टांगायची माटोळी बांधायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही. आदल्या दिवशी गोली आणि लेफ्ट हाफ येतील. तुम्ही खाली खुर्चीत बसून तोरिंजन कुठे, कांगलां कुठे, सुपारीचा घड किती वर, ते सांगायचं. तुमच्याइतकी बारकाईने कुणाला जमणार नाही हे मला माहीत आहे, पण हात त्यांचे वापरा. रात्री दाराची वरची कडी लावू नका, ती लावली तर किल्ली असून उपयोग काय? आई, ऑपरेशनला अजून महिनासुद्धा झाला नाही, ड्रॉप्स चुकवू नकोस आणि वाकून अंगण झाडू नकोस. पोदेर आला की पायऱ्या उतरून धावायचं नाही, गेटला पिशवी टांगून ठेव, तो पाव घालून जाईल. मी त्याला सांगून ठेवलंय.

किल्ली दिली म्हणजे माझं येणं कमी होणार, असं मनातसुद्धा आणू नका. चवथीच्या पहाटे पोचतेच, रजा मंजूर झाली आहे. पाचव्या दिवसापर्यंत आहे.

आणि गोलीच्या हातात पेट्रोलचे पैसे कोंबायला जाऊ नका, ती खरंच रागावते. नेवऱ्या द्या. डबा परत येणार नाही हे धरूनच द्या, स्टीलचा नको.

तुमची,
बाय