मॅडम, तुम्ही ती दाढ काढली नाहीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पौषात आई तुमच्या पंचवटीतल्या दवाखान्यात आली ती दाढ काढून घ्यायचीच, असं ठरवून. वय 71. महिनाभर डावं कानशील, कान आणि जबडा ठणकत होता. कानात वारा शिरला असं आम्ही धरून चाललो. कानटोपी झाली, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक झाला, थेंब घालून झाले. कान तपासला तर आतून स्वच्छ, पडदा शाबूत. मग सगळ्यांनी मिळून दाढेवर खापर फोडलं.

तुम्ही एक्स-रे बघितलात आणि विचारलंत, "आजी, भाकरी चावताना पहिल्याच घासाला कळ येते, की पाच-सात घासांनंतर?"

"नंतर. जबडा भरून येतो. थांबलं की बरं वाटतं."

"आणि केस विंचरताना?"

आई गप्प झाली. ती आठवडाभर डोक्याला फणी लावू देत नव्हती आणि मी त्याला तिचा कंटाळा समजत होते. तुम्ही तिच्या कानशिलावर बोट फिरवलंत, मग माझं बोट तिथे ठेवलंत. कातडीखाली दोरीसारखी टणक शीर लागली. आई कळवळली.

कान, दाढा, जबड्याचा सांधा, घसा, मान यांच्या नसा एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून मूळ एकीकडे आणि ठणका कानात, हे तुम्ही किती शांतपणे सांगितलंत! झोपेत दात खाण्याची सवय आहे का, कानात नागिणीचे फोड आलेत का, तोंड वाकडं होतंय का, घास गिळताना दुखतं का, एकेक विचारून बाजूला सारलंत. शेवटी नजरेचं विचारलंत. दोनदा डाव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं होतं. मोतीबिंदू असेल म्हणून तिने घरात सांगितलंच नव्हतं. माझ्या काळजात धस्स झालं.

तुम्ही तिथेच चिठ्ठी लिहिलीत, फिजिशियनना स्वतः फोन केलात. "उद्यावर टाकू नका, आजच जा." अंगातली सूज दाखवणारा रक्तातला ईएसआर 94, म्हणजे खूपच जास्त आला. कानशिलाच्या धमनीला सूज, जायंट सेल आर्टेरायटिस. पन्नाशीनंतर होणारा आजार. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर गेलेली नजर बहुधा परत येत नाही, म्हणून बायोप्सीची वाट न पाहता त्याच रात्री स्टेरॉइड सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला. बायोप्सीतही तेच निघालं.

दाढ काढली असतीत तर दुखणं दाढेचंच समजून आम्ही आणखी पंधरा दिवस घालवले असते. तुम्ही त्या दिवशी तपासणीचे पैसेही घेतले नाहीत.

गोळ्या हळूहळू कमी होताहेत, साखरेवर लक्ष आहे. आई सुईत दोरा स्वतः ओवते. काल गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जायचं म्हणून तिने माझ्याकडून घट्ट वेणी घालून घेतली.

आपली ऋणी,
एका पेशंटची मुलगी, नाशिक