रोटरी मोवरचा इतिहास वेगळा आहे हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या लॉनमोवरवरचा, म्हणजे गवत कापायच्या मशीनवरचा, लेख वाचला, मजा आली, पण एक घोळ झालाय. लेखात १८३० साली पहिला लॉनमोवर करणाऱ्या एडविन बडिंगपासून सुरुवात करून थेट आजच्या पेट्रोल मशीनपर्यंत गाडी आणलीय, जणू एकच मशीन हळूहळू सुधारत गेलं. तसं नाहीये. बडिंगचं मशीन सिलेंडरवालं, लोकरी कापडावरची लव कातरायच्या गिरणीतल्या मशीनवरून त्याला ते सुचलं. त्यात फिरती पाती खालच्या पक्क्या बसवलेल्या पात्याला घासून जातात आणि मधलं गवत कातरलं जातं. रोटरीत ते खालचं पातं नसतंच! आडवं पातं इतक्या जोरात फिरतं की गवताला वाकायलाही वेळ मिळत नाही, नुसत्या फटक्याने तुटतं. हे जमायला वेग लागतो, वेगाला छोटं दमदार इंजिन लागतं, म्हणून तर रोटरीला शंभरेक वर्षं थांबावं लागलं. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात रोटोसायथ नावाचं रोटरी मशीन आलं, त्याचं तर लेखात नावसुद्धा नाही.

आणि विक्टाला, ऑस्ट्रेलियातल्या त्या नावाजलेल्या रोटरी मोवरला, लेखात फक्त एक ओळ? सिडनीत मर्विन व्हिक्टर रिचर्डसनने १९५२ मध्ये भंगारातनं पहिलं मशीन जुळवलं, पेट्रोलची टाकी म्हणून चक्क पीचचा रिकामा डबा लावला, आणि विलियर्स कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन आडवं पाडून बसवलं म्हणजे शाफ्ट, इंजिनाचा फिरणारा दांडा, उभा झाला आणि पातं थेट त्याच्याच टोकाला लागलं, मध्ये चेन नाही, गिअर नाही, काही नाही. त्याच्याआधी सिडनीतच लॉरेन्स हॉलने रोटरी मशीन केलं होतं, तेव्हा कल्पना काही एकट्या रिचर्डसनची नाही, पण हलकं आणि सुटसुटीत त्याने केलं. माझ्या मते डिझाइन म्हणतात ते हेच, लेखात नुसती हिरव्या रंगाची आणि सोनेरी अक्षरांची कौतुकं कसली करताय.

जुन्या विक्टांमध्ये पाती गोल चकतीच्या कडेला बोल्टवर सैल लावलेली असतात, फिरताना आपोआप बाहेर ताणली जातात आणि दगड लागला की मागे वळतात, त्यामुळे झटका थेट शाफ्टला बसत नाही. नंतर १९६० च्या दशकात स्वीडनच्या कार्ल डालमनने हॉवरक्राफ्ट बघून चाकंच काढून टाकली आणि मोवर हवेच्या गादीवर तरंगवला, तो फ्लायमो, पण ते पुन्हा कधीतरी.

एक मात्र खरं, जुनं ते सगळं सोनं नव्हे. या मशीनना पात्याचा ब्रेक नसायचा, हँडल सोडलं तरी पातं फिरतच राहायचं. हँडल सोडल्यावर तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे हा अमेरिकेतला नियम १९८२ चा.

आता फोटोंबद्दल. सगळे फोटो वरून काढलेत, वरून काय दिसणार, इंजिन आणि स्टार्टरची दोरी. खरी करामत खाली आहे, पत्र्याच्या घुमटाचा आकार, गवत बाहेर फेकायची वाट, पात्याची वर वळलेली कड, जी हवा खेचून आडवं पडलेलं गवत उभं करते. पुढच्या वेळी मशीन उलटं करून एक तरी फोटो छापा. फक्त उलटं करायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढायला सांगा फोटोग्राफरला, आणि टाकीतलं पेट्रोलही.

आपला,
एक नियमित वाचक