मंत्रिमहोदय, वारा पडण्याआधी आदेश निघू द्या

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मुंबईच्या हवेबद्दलची पत्रं साधारण डिसेंबरात लिहिली जातात. मी पाऊस चालू असतानाच लिहिते आहे, कारण डिसेंबरात केलेल्या उपायांचा फारसा उपयोग होत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक बहुतेक दिवस समाधानकारक असतो. ते श्रेय नैऋत्य मोसमी वाऱ्याचं आणि पावसाचं आहे. पाऊस धूळ खाली बसवतो, उरलेलं वारा उडवून नेतो. पण बांधकामं, डंपर, माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, देवनारची कचराभूमी, भट्ट्या हे सगळं पावसाळ्यातही जागच्या जागीच असतं. परतीचा पाऊस मुंबईतून जाण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. त्यानंतर हीच धूळ आणि हाच धूर आपल्या नाकातोंडात जायला लागतो.

मी चेंबूरमध्ये राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. खारे वारे आणि मतलई वारे आमच्या मुलांना पाठ असतात. दिवसा समुद्राकडून वारा आत येतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो. हिवाळ्यात मात्र पूर्वेकडचा वारा खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो आणि खारा वारा कधी कधी दुपारपर्यंत सुरूच होत नाही. रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. त्याखाली सगळा धूर कोंडतो. रात्री समुद्रावर गेलेल्या घाणीतलाही काही भाग दुसऱ्या दिवशी खारा वारा परत घेऊन येतो. ‘समुद्र आहे, मुंबईला कसली चिंता’ हा समज वर्षातले काही महिनेच खरा ठरतो.

त्यात वाऱ्याचं मान दरवर्षी सारखं नसतं. 2020 नंतर सलग तीन हिवाळे ला निनाचे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड असतानाचे गेले. त्यातल्या 2022-23 च्या हिवाळ्यात मुंबईचे वारे मंदावले आणि काही दिवस इथली हवा दिल्लीपेक्षा वाईट नोंदली गेली. शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध ला निनाशी जोडला. म्हणजे वाईट हिवाळा कधी येऊ शकतो, याचा सुगावा आधी लागू शकतो.

आपण काय केलं? 2023 मध्ये पाऊस सरला, हवा बिघडली आणि मग ऑक्टोबरच्या अखेरीस महापालिकेची बांधकामांसाठीची नियमावली आली. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. 2024 मध्ये भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं थांबवण्याचा निर्णय 30 डिसेंबरला जाहीर झाला, तोही निर्देशांक 200 च्या वर, म्हणजे ‘वाईट’ पातळीवर गेल्यावर. निर्णय योग्यच होता. पण तोवर निम्मा हिवाळा लोकांच्या छातीत गेलेला होता.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. निर्बंध निर्देशांकाच्या आकड्यावर लावू नका, वाऱ्याच्या अंदाजावर लावा. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था दिल्लीसाठी हवेचा इशारा आधी देते आणि कोणत्या स्रोताचा किती वाटा, याचाही अंदाज काढते. मुंबईसाठी ‘सफर’ या केंद्र सरकारच्या हवा-अंदाज सेवेचे अंदाज 2015 पासून उपलब्ध आहेत. पुढचे तीन दिवस वारा पडणार असेल, तर खोदकाम आणि पाडकाम आदल्या दिवशीच थांबवता येईल. राडारोड्याचे डंपर रात्री-पहाटे, म्हणजे हवा सर्वांत जास्त कोंडलेली असताना धावतात. वाहतुकीची अडचण मला कळते, तरी हिवाळ्यापुरतं त्यांचं वेळापत्रक दुपारकडे सरकवून पाहा. दुपारी खारा वारा असतो आणि धूळ वर जाऊन पांगते.

दुसरं, शहराची सरासरी सांगणं बंद करा. मलबार हिलला समुद्रावरून थेट वारा मिळतो. माहुल, गोवंडी, मानखुर्द यांच्या वाट्याला कारखान्यांवरून आणि कचराभूमीवरून आलेला वारा येतो. जानेवारी 2016 मध्ये देवनारला आग लागली, तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या परिसरातल्या मुलांना सरासरीचा काय उपयोग? वाऱ्याच्या अंदाजावरचे निर्णयही प्रभागनिहाय व्हावेत, आणि पूर्व किनाऱ्यावर मोजणी केंद्रं वाढावीत. सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम 2.5 ची, आपली वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 5. आपली सैल मर्यादा तरी प्रत्येक प्रभागात पाळली जावी, एवढंच मागते आहे.

आणि एक गोष्ट कृपया विसरू नका. काम थांबलं की मजुराची चूल थांबते, आणि काम चालू असताना सर्वांत जास्त धूळही त्याच्याच छातीत जाते. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. बंदीच्या दिवसांची मजुरी त्यातून देण्याचा आदेश निर्बंधांबरोबरच निघावा, आणि नाक्यावरच्या नोंदणी नसलेल्या कामगारांची नोंदणी त्याआधी, याच महिन्यात करून घ्यावी.

आपली,
चेंबूरची एक भूगोल शिक्षिका