म्हापशाच्या बाजारातील चप्पल कारागीर काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव जाहीरपणे लिहिलेले आपल्याला आवडणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

पावसाळ्याच्या तोंडावर, एका शुक्रवारी, पिशवीतून चामड्याचा तुकडा काढून मी आपल्या दुकानासमोर उभी राहिले. त्याआधी चामड्याचे काम शिकण्यासाठी मी एका कार्यशाळेचे शुल्क भरले होते. तेथे आधीच भोके पाडलेले तुकडे हाती देण्यात आले, त्यांत दोरा ओवून घेतला आणि फोटो काढून आम्हाला घरी पाठवले. हे चामडे कोणते, असे मी विचारले तेव्हा ‘छंदापुरते एवढे पुरे’ असे उत्तर मिळाले. एका विक्रेत्याने अस्सल चामडे म्हणून पाठवलेला माल कातड्याच्या खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला निघाला, आणि त्याने तक्रारीची दखलही घेतली नाही. नात्यातल्या काही जणांनी ‘हे आपले काम नव्हे’ असे ऐकवले. त्या वाक्यामागे काय दडलेले असते, ते संत रोहिदासांची तसबीर लावून त्याखाली आयुष्यभर काम केलेल्या आपल्याला मी काय सांगावे! त्याची लाज मला आजही वाटते.

आपण तो तुकडा दुमडून पाहिलात, नखाने त्याचा लेप सोलून दाखवलात. मी समोरच्या फळीवर टेकणार, एवढ्यात आपण हातातली गिऱ्हाइकाची चप्पल खाली ठेवलीत, फडक्याने एक स्टूल पुसलेत आणि ते आपल्या शेजारी, आपल्याच दिशेला तोंड करून मांडलेत. ‘समोर बसलीस तर सगळे उलटे दिसते, बाय. माझ्या बाजूने बघ.’ तोवर मला शिकवणारा प्रत्येक जण समोर उभा राहिला होता. भोक पाडायची आरी कोणत्या कोनात घुसते, चामडे कापायची रापी धरलेले मनगट कसे वळते, हे त्या स्टुलावरून मला पहिल्यांदाच सुलटे दिसले. शेजारी जागा करून देणारी माणसे फार थोडी भेटतात, काका, आणि ज्यांना ती भेटतात त्यांचे हात लवकर धीट होतात.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे मी आपल्याकडेच प्रथम हाताळले. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल अशाच चामड्याची होते, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. कमरेचा पट्टा कातड्याच्या पाठीकडच्या भागातून कापावा, कारण पोटाकडचे चामडे सैल असते आणि ताणले जाते. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून शिवले, तर एक टाका तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते. आपल्या गोव्याच्या पावसात चामडे प्लॅस्टिकमध्ये कोंडले की बुरशी धरते, म्हणून ते सुती कापडात गुंडाळावे. हे सगळे आपण गिऱ्हाइके सांभाळत, एक पैसाही न घेता सांगितलेत.

बाबांसाठी केलेला पट्टा आता पुरा होत आला आहे. बकलाजवळचे चार टाके सैल पडले आहेत. ते उसवून पुन्हा घालायचे आहेत. येत्या शुक्रवारी तो घेऊन येते. आपल्या शेजारचे ते स्टूल तेवढे रिकामे ठेवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
डिचोलीची शिष्या