सरवा

प्रिय बाळा,

सलाम. परवा फोनवर तू विचारलंस की आई, आपल्या मंडळीतच इतके लोक अडचणीत आहेत, मग चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेल्यांना चर्चतर्फे किराणा कशाला वाटायचा? मी तेव्हा घाईत होते, नंतर बोलू म्हणून फोन ठेवला, पण ते मनातून जाईना म्हणून लिहितेय.

तुझी आजी नगरकडची. लहानपणी ज्वारीची काढणी झाली की ती आईबरोबर सरवा वेचायला जायची, म्हणजे रानात मागे राहिलेली कणसं, ती जो वेचेल त्याची. बायबलमधली रूथची गोष्ट, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूला पोसणाऱ्या विधवेची, तिला आपल्या गावातलीच वाटायची. बायबलातल्याच लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तर नियमच दिलाय की शेत पार कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं गोळा करू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. परक्यासाठी, बाळा! शेत बेथलेहेमातलं आणि वेचणारी रूथ मवाबी, म्हणजे परदेशी. मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

पण तुझं एक बरोबर आहे, आपल्यातली माणसं सुटतात. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या काळातही सुटली होती, बायबलात प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ वाच, रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, तक्रार आली तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले, त्यात स्तेफन होता. आपल्याकडेही मागच्या बाकावर बसणाऱ्या दोन म्हाताऱ्या अशाच राहून गेल्या होत्या, मला फार लाज वाटली. आता गल्लीवार यादी केलीय आणि प्रत्येक गल्लीला एक माणूस.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घरातून एक वस्तू येते, बाकीचं दानार्पणातून आणि हंगामाच्या सणाला लोक चर्चमध्ये आणतात त्या वस्तूंच्या लिलावातून. यंदा एक भोपळा तीनदा विकला गेला, घेणारा पैसे देऊन परत टेबलावर ठेवायचा, पोरं नुसती ओरडत होती. त्या पैशातून मार्केट यार्डच्या भुसार बाजारातून तूरडाळ आणली. तांदूळ-गहू आम्ही कमी देतो, कारण ज्यांचं रेशनकार्ड चालू आहे त्यातल्या बऱ्याच जणांना माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, पण नुसत्या भातावर पोरं वाढत नाहीत ना, डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ हे कुठून आणायचं? कार्डच नाही त्यांना मात्र पीठ-तांदूळ सगळंच देतो.

आता जे सांगतेय ते मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही. सुरुवातीला आम्ही गेटबाहेर लाईन लावायचो, बॅनर, फोटो, सगळं. एक दिवस आपल्या गल्लीतली ती, जिच्या मुलांबरोबर तू क्रिकेट खेळायचास, लाईनीत उभी होती. नवऱ्याची रिक्षा विकलेली मला माहीत होतं तरी घरात चूल पेटते का हे मी कधी विचारलं नव्हतं. तिची माझी नजरानजर झाली आणि ती पिशवी पदराखाली घेऊन मागे फिरली. शेजारी राहून दोन आठवडे माझ्याकडे बघितलं नाही तिने. मी रात्री रडलेय त्यावर.

पुढच्या मीटिंगला मी उभी राहिले आणि म्हटलं लाईन बंद, फोटो बंद. पाळकसाहेब लगेच हो म्हणाले, आणि कोणालाही उपासनेला या म्हणायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवून दिलं होतं. आता साधी कापडी पिशवी, बाजारातून आणल्यासारखी, अंधार पडल्यावर घरी नेऊन द्यायची. तिच्याकडे पहिली पिशवी मी स्वतः नेली, दारातच माफी मागितली. ती काही बोलली नाही, चहा टाकला.

आजी म्हणायची, पंडिता रमाबाईंना दुष्काळ कोणी समजावून सांगावा लागला नव्हता, त्यांचे आईवडीलच उपासमारीत गेले होते, म्हणून १८९६-९७च्या दुष्काळात त्या पुण्याहून मध्य प्रांतात जाऊन तिथल्या मुली घेऊन आल्या, केडगावला आपण बघितलं ते निराधार बायका-मुलींचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. हल्ली ती शेजारीण शनिवारी शेंगदाणे निवडायला येते तेव्हा मला ते आठवतं. ती तिच्या देवळात जाते, कोणती पिशवी कोणाच्या घरी जाणार हे आमच्याआधी तिला कळतं, काल म्हणाली कोपऱ्यावरच्या खोलीतले बिहारी मुलगे चार दिवस बिस्किटांवर आहेत. यादीत नव्हते ते.

तू पाठवलेल्या पैशांचं तेल घेतलं. पुढच्या शनिवारी येणार असशील तर संध्याकाळी पाचच्या आत ये, तेलाचे डबे उचलायला कोणी नाहीये.

तुझी,
आई