फ्लँजचे भोक कापायला शिकवणार कोण?

संपादक महोदय,

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मामाजींचे आतड्याचे ऑपरेशन झाले. इलिओस्टोमी केली, म्हणजे लहान आतड्याचे तोंड (स्टोमा) पोटावर काढून तिथे पिशवी लावली. सुट्टी देताना डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी, पिशव्यांचा डबा सगळे मिळाले. फ्लँजचे, म्हणजे पिशवी पोटाला चिकटवणाऱ्या चकतीचे, भोक केवढे कापायचे, ते कोणी सांगितले नाही.

स्टोमाला घासायला नको म्हणून मी ते चांगले ऐसपैस कापले. आठवड्यात भोवतीची कातडी सोलून लालभडक झाली. त्यात नवतपा. कूलरपुढे बसूनही घाम, ओल्या कातडीवर फ्लँज टिकेना, रात्री-बेरात्री गळती. शेजारच्या काकूंनी खोबरेल तेल सांगितले, ते मी लावलेही! तेलावर काय चिकटणार?

शेवटी दुसऱ्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने समजावले. स्टोमाला दुखत नाही, दुखते ती कातडी. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचक रस असतात. उघड्या कातडीवर ते साचले की तिलाच खातात. म्हणून भोक स्टोमापेक्षा जेमतेम २-३ मिलिमीटर मोठे हवे. ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, तेव्हा माप दर वेळी नव्याने घ्यायचे. मी ब्लाउज शिवते. जुन्या मापावर कापड कापू नये, हे दुसऱ्या कोणी मला सांगायची पाळी यावी?

बाकी साधेच. कोमट पाण्याने धुवायचे, मऊ कापडाने टिपायचे, चोळायचे नाही. तेल, क्रीम बंद. स्टोमा पावडर फक्त ओलसर सोललेल्या जागी, जास्तीची झटकून. पिशवी निम्मी भरायच्या आत रिकामी करायची, नाहीतर वजनाने फ्लँज सुटतो. आणि जळजळ किंवा खाज सुरू झाली की ‘अजून एक दिवस निघेल’ म्हणून थांबायचे नाही, लगेच काढून बघायचे. आम्ही नेमके तिथेच पैसे वाचवायला गेलो.

माझी मागणी एवढीच, की सुट्टीच्या आधी घरच्या माणसाच्या हातात कात्री देऊन सिस्टरसमोर एक फ्लँज कापून, लावून घ्यावा. वीस मिनिटांचे काम आहे. आम्ही निदान नागपुरात राहतो. गडचिरोली-गोंदियाहून आलेल्यांनी एवढे विचारायला पुन्हा एसटीने यायचे का?

– एक वाचक, महाल, नागपूर